वेंगुर्ल्याचे खडक : बंदूक, वही आणि कॅमेरा

सिंधुदुर्ग जिल्ह्यात निवतीच्या किनाऱ्यावर उभे राहिले, की समोर समुद्रात काही काळे खडक दिसतात. इंग्रजी नाविक नकाशांत त्यांना 'बर्न्ट आयलंड्स', म्हणजे जळकी बेटे, म्हटले आहे. पक्षिशास्त्राच्या ग्रंथांत ते 'वेंगुर्ला रॉक्स' या नावाने येतात. त्यांतील एकावर दीपगृह आहे. वरवर उजाड वाटणाऱ्या या खडकांविषयी सुमारे दीडशे वर्षांच्या नोंदी आपल्या हाती आहेत. या नोंदी कोणी, कशा केल्या हे पाहिले, तर निसर्गाचा इतिहास कसा लिहिला जातो ते नीट समजते.

आधी बंदराविषयी थोडे. वेंगुर्ले हे जुने व्यापारी बंदर. १६३७ साली डचांनी आदिलशाही मुलखातील या बंदरात वखार घातली. गोव्याच्या पोर्तुगीजांची नाकेबंदी करणाऱ्या डच जहाजांना येथून रसद मिळे. त्या वखारीचे अवशेष आजही पाहता येतात. १८१२ साली हे बंदर सावंतवाडी संस्थानाकडून इंग्रजांकडे गेले. बंदरात ये-जा करणाऱ्या जहाजांना हे खडक म्हणजे मोठा धोका. दीपगृह बांधावे लागले ते त्यामुळेच. पावसाळ्यात तर तेथे उतरणे जवळजवळ अशक्य असते. पण ज्या खडकांनी खलाशांना धाक घातला, त्यांनीच पक्ष्यांना आसरा दिला. उघड्यावर अंडी घालणाऱ्या सुरय पक्ष्यांना मांजर, कोल्हा आणि माणूस यांच्यापासून दूर अशी जागा लागते. ती येथे मिळाली.

या खडकांवर १८७५ साली अॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम येऊन गेले. काँग्रेसच्या स्थापनेमुळे आपण त्यांना ओळखतो. पण ते भारतातील पक्षिशास्त्राचे एक आद्य अभ्यासकही होते. लक्षद्वीप व पश्चिम किनाऱ्याच्या या सफरीचा वृत्तान्त त्यांनी आपल्या 'स्ट्रे फेदर्स' या नियतकालिकात १८७६ साली छापला. त्याच नियतकालिकात १८८० साली जी. डब्ल्यू. व्हिडाल या सनदी अधिकाऱ्याने दक्षिण कोकणातील पक्ष्यांची पहिली यादी दिली.

त्या काळी पक्षी ओळखायचा म्हणजे तो बंदुकीने मारायचा, कातडे सोलून वाळवायचे आणि मोजमापे लिहायची. कॅमेरा होता, पण तेव्हा प्रचलित असलेल्या पद्धतीत काचेवर रसायनाचा ओला थर द्यावा लागे आणि तो वाळण्यापूर्वीच चित्र घेऊन धुवावे लागे. उडत्या पक्ष्यापुढे या पद्धतीचा काय उपयोग? कीर्टन बंधूंनी इंग्लंडात पक्ष्याच्या घरट्याचे पहिले छायाचित्र घेतले ते १८९२ साली. म्हणून ह्यूम यांच्या संग्रहात कातडी व अंडी मिळून ८२ हजारांच्या आसपास नमुने जमले. १८८५ साली तो संग्रह ब्रिटिश म्युझियमला गेला. आज ही पद्धत आपल्याला क्रूर वाटते. तरीही प्रत्येक नमुन्यासोबत स्थळ आणि तारीख लिहिलेली असल्यामुळे तो पुरावा आजही उपयोगी पडतो.

पुढच्या पिढीत हुमायून अब्दुलअली यांनी या खडकांवरील सुरय व पाकोळ्या यांचा अभ्यास केला. त्यांचा लेख बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये १९४२ साली आला. ह्यूम फेब्रुवारीत आले होते, तर सुरय पक्ष्यांची वीण उन्हाळ्याच्या अखेरीस व पावसाळ्यात होते. म्हणजे एकाच भेटीवरून एखाद्या जागेविषयी निष्कर्ष काढणे किती अपुरे असते, हे येथे दिसते.

येथील पाकोळीची गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. हा चिमणीहूनही लहान पक्षी गुहेच्या अंधारात 'टक् टक्' असा आवाज काढतो आणि त्याच्या प्रतिध्वनीवरून वाट शोधतो. आपल्या चिकट लाळेत शेवाळ, पिसे मिसळून तो खडकाच्या भिंतीला अर्ध्या वाटीसारखे घरटे चिकटवतो. अशा घरट्यांना पूर्वेकडील देशांत सूपासाठी मोठी किंमत येते. ती काढून नेण्याचे उल्लेख एकोणिसाव्या शतकातही आहेत. या शतकाच्या आरंभी येथील चोरटा व्यापार उघडकीस आला. तेव्हा चिपळूणची 'सह्याद्री निसर्ग मित्र' ही संस्था आणि वन विभाग यांनी संरक्षणाचे काम हाती घेतले. ही पाकोळी आता वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे. येथे तिची वीण पिढ्यान्‌पिढ्या होत आली, हे आपण ठामपणे म्हणू शकतो ते जुन्या नोंदींच्या आधारे.

आज कॅमेरा घरोघरी आहे. लगामी सुरय आणि काजळी सुरय हे दोन पक्षी दिसायला फार सारखे. पहिल्याच्या कपाळावरचा पांढरा पट्टा डोळ्याच्या मागेपर्यंत जातो, दुसऱ्याचा डोळ्यापाशी थांबतो. पूर्वी अशा खात्रीसाठी पक्षी मारावा लागे. आता एक स्पष्ट छायाचित्र पुरते. मात्र स्थळ व तारीख नसलेले सुंदर छायाचित्र इतिहासाच्या दृष्टीने मुके असते. शिवाय कॅमेराही निरुपद्रवी नाही. जवळ गेलो की सुरय उडतात आणि तापल्या खडकावरची अंडी उन्हात उघडी पडतात. वीण चालू असताना तेथे न जाणे हीच खरी काळजी.

किनाऱ्यालगतच्या शाळांना आम्ही एक काम सुचवतो. गावातील एक खाडी, पुळण किंवा टेकडी निवडावी. जुन्या गॅझेटियरमध्ये तिच्याविषयी काय लिहिले आहे ते पाहावे. म्हाताऱ्या कोळ्यांना पक्ष्यांची नावे व पूर्वीची स्थिती विचारावी. मग दरवर्षी त्याच महिन्यात, त्याच जागेवरून एक छायाचित्र घ्यावे आणि तारीख, वेळ, भरती की ओहोटी, दिसलेले पक्षी व त्यांची संख्या वहीत लिहावी. एकही पक्षी दिसला नाही, तर तसेही लिहावे. वर्ग बदलले तरी वही शाळेतच राहावी. वीस वर्षांनी त्या वहीला जे मोल येईल, ते आज कोणालाच सांगता येणार नाही.