बेस गिटारची निवड : स्पर्श आणि नाद यांचे विवेचन

१. संज्ञा आणि प्रतिज्ञा

बेस गिटार हे चार तारांचे, भरीव लाकडी देहाचे आणि विद्युत्-चुंबकीय पिकअप असलेले तंतुवाद्य आहे. तिच्या मोकळ्या तारा ई, ए, डी आणि जी या स्वरांत लावतात. त्यांची मूळ कंपनसंख्या दर सेकंदाला अनुक्रमे ४१.२, ५५, ७३.४ आणि ९८ असते. लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये कॅलिफोर्नियातील फुलरटन येथून ‘प्रिसिजन बेस’ बाजारात आणला, तेव्हा या वाद्याचे आजचे रूप स्थिरावले. डबल बेस उभा होता, तो आडवा होऊन वादकाच्या अंगावर आला. आणि नेकवर (वाद्याच्या दांडीवर) फ्रेट, म्हणजे सतारीच्या पडद्यांचे कार्य करणाऱ्या धातूच्या पट्ट्या, बसल्या. पाच-सहा तारांची वाद्ये आणि पोकळ देहाची वाद्ये यांचा विचार येथे अनुषंगाने येईल, तेवढाच.

वाद्य अंगावर घेतल्यापासून खाली ठेवेपर्यंत वादकाच्या शरीराला होणाऱ्या जाणिवांच्या समुच्चयाला येथे ‘स्पर्श’ म्हटले आहे. तारेचे कंपन विद्युत्-संकेतात रूपांतरित होऊन ध्वनिवर्धकातून जो ध्वनी बाहेर पडतो, त्याला ‘नाद’ म्हटले आहे.

स्पर्शाचे आणि नादाचे घटक पुन्हा दोन प्रकारचे आहेत. वाद्य विकत घेतल्यानंतर अल्प श्रमाने व अल्प खर्चाने बदलता येतो, तो परिवर्तनीय घटक. वाद्याची रचना मोडल्याशिवाय बदलता येत नाही, तो स्थायी घटक. यावरून पुढील प्रतिज्ञा मांडता येते : निवड स्थायी घटकांवर करावी, परिवर्तनीय घटकांवरून वाद्याचा स्वीकारही करू नये आणि त्यागही करू नये. स्पर्शात स्थायी घटक अधिक आहेत आणि नादात परिवर्तनीय अधिक आहेत, असे दाखवता आले, तर परीक्षेच्या क्रमात स्पर्श प्रथम येतो हे सिद्ध होईल.

२. स्पर्शाचे स्थायी घटक

हे घटक तीन : स्केल, नेकचा आकार, आणि भार व तोल.

(१) स्केल म्हणजे नटापासून (नेकच्या टोकाची खाचांची पट्टी) ब्रिजपर्यंत (देहावरील घोडी) कंप पावणाऱ्या मोकळ्या तारेची लांबी. प्रिसिजनची ही लांबी ३४ इंच आहे आणि तीच आज सर्वमान्य झाली आहे. रिकनबॅकर ४००१ ची ३३ १/४ इंच, गिब्सन ईबी-३ ची ३०.५ इंच, तर पोकळ देहाच्या हॉफ्नर ५००/१ ची सुमारे ३० इंच. या फरकाचे परिणाम दोन आहेत. पहिला, बोटांमधील अंतर. पहिल्या फ्रेटपासून चौथ्या फ्रेटपर्यंतचे अंतर ३४ इंची वाद्यावर सुमारे १३० मिलिमीटर भरते, तर ३० इंची वाद्यावर सुमारे ११४ मिलिमीटर. डाव्या हाताच्या चार बोटांनी हे अंतर एका वेळी व्यापावयाचे असते. म्हणून १६ मिलिमीटरचा हा भेद लहान पंजाच्या वादकाला निर्णायक ठरतो. दुसरा परिणाम, तारेचा ताण. तीच तार त्याच स्वराला लावली, तर ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. त्यामुळे ३० इंची वाद्यावरील तार ३४ इंची वाद्यावरील तारेपेक्षा सुमारे २२ टक्के शिथिल असते. शिथिल तार बोटाला मऊ लागते; मात्र जोरात छेडली असता तिचे डोलणे वाढते आणि खालच्या स्वरांची रेखीवता कमी होऊ शकते. स्केल कोणत्याही दुरुस्तीने बदलत नाही.

(२) नेकच्या आकारात नटाजवळील रुंदी आणि पाठीचा गोलवा या दोन गोष्टी येतात. प्रिसिजनच्या नटाची रुंदी सामान्यतः ४१ ते ४४ मिलिमीटर असते. १९६० मध्ये आलेल्या ‘जॅझ बेस’ची सुमारे ३८. अरुंद नेकवर एका तारेवरून दुसरीवर जाण्यासाठी बोटाला कमी फिरावे लागते. रुंद नेकवर शेजारच्या तारेला नकळत स्पर्श होण्याचा संभव कमी असतो. यांपैकी एक उत्तम आणि दुसरे कनिष्ठ, असा निर्णय सर्वांसाठी देता येत नाही. अंगठा नेकच्या पाठीवर कोठे टेकतो आणि मनगट किती वाकते, यावर तो निर्णय प्रत्येक वादकापुरता होतो.

(३) भार आणि तोल हे परस्परभिन्न घटक आहेत. भरीव देहाच्या वाद्याचा भार बहुधा साडेतीन ते साडेचार किलोंच्या दरम्यान असतो. तोल म्हणजे पट्ट्याला टांगलेले वाद्य हात सोडल्यावर ज्या स्थितीत राहते, ती स्थिती. वरचे शिंग आखूड असले, तर पट्ट्याची खुंटी नेकपासून दूर पडते आणि नेक खाली झुकू लागते. अशा वाद्यात डाव्या हाताला स्वर दाबण्याबरोबर नेक तोलून धरण्याचेही काम पडते. हलके वाद्य जर असंतुलित असेल, तर जड पण संतुलित वाद्यापेक्षा ते अधिक थकवते. म्हणून तराजूवरील आकड्यापेक्षा तोलाची परीक्षा महत्त्वाची.

३. स्पर्शाचे परिवर्तनीय घटक

दुकानात वाद्य हाती घेताच जे प्रथम जाणवते, ते बहुधा याच वर्गातील असते. तार आणि फ्रेट यांमधील उंची, म्हणजे अॅक्शन, बाराव्या फ्रेटवर मोजतात. जाड तारेखाली ती दोन ते अडीच मिलिमीटरच्या आसपास असल्यास बहुतेकांना सोयीची वाटते. ती ब्रिजवरील स्क्रूने कमी-अधिक होते. नेकला किंचित अंतर्वक्र बाक आवश्यक असतो, कारण कंप पावणाऱ्या तारेला मध्यभागी जागा हवी असते. हा बाक नेकमधील ट्रस रॉड फिरवून साधतात. तारांची जाडी बदलता येते. फ्रेटची टोचणारी टोके घासता येतात.

हवामानाचा संबंध येथेच येतो. लाकूड आर्द्रता शोषते आणि सोडते. कोकणपट्टीतील किंवा मुंबईतील पावसाळ्यात नेकचा बाक बदलतो आणि हिवाळ्यात पुन्हा बदलतो. म्हणून जुलैमध्ये तार फ्रेटवर खरखरते, एवढ्यावरून वाद्य दोषी ठरत नाही. त्याचप्रमाणे उत्तम अॅक्शन लावलेले वाद्य हाताला सुखद लागले, तर तो गुण जुळणी करणाऱ्या कारागिराचा असतो. वाद्याच्या खात्यावर तो जमा करू नये.

याला दोन अपवाद आहेत. नेक पिळवटलेली असणे आणि ट्रस रॉड शेवटपर्यंत आवळला जाऊनही बाक न सुटणे, हे दोष दिसायला परिवर्तनीय वाटतात, परंतु परिणामाने स्थायी असतात. असे वाद्य वर्ज्य समजावे.

४. नादाची कारणपरंपरा

नाद एका कारणाने उत्पन्न होत नाही. त्याच्या परंपरेत पाच पायऱ्या आहेत : बोट, तार, लाकूड, पिकअप, आणि त्यानंतरचे विद्युत्-मंडल व ध्वनिवर्धक. प्रत्येकीचे बल वेगवेगळे आहे.

(१) बोट. तार ब्रिजजवळ छेडली तर उपरिस्वर प्रबळ होतात, नेककडे छेडली तर मूलस्वर. हा घटक वादकाचा आहे, वाद्याचा नाही. म्हणून तुलनेच्या वेळी तो स्थिर ठेवावा लागतो.

(२) तार. गोल तारेचे वेष्टन असलेली राउंडवाउंड तार तेजस्वी आणि दीर्घकाळ रेंगाळणारा नाद देते. चपट्या फितीचे वेष्टन असलेली फ्लॅटवाउंड तार गडद आणि लवकर मिटणारा. मोटाउन या अमेरिकी कंपनीच्या ध्वनिमुद्रिकांतील जेम्स जेमरसन यांनी १९६२ च्या प्रिसिजनवर फ्लॅटवाउंड तारा वापरल्या आणि मुख्यतः एकाच तर्जनीने वादन केले. जॅको पास्टोरियस यांनी १९६२ च्या जॅझ बेसवर राउंडवाउंड तारा चढवल्या, फ्रेट काढून टाकले आणि ब्रिजजवळ वादन केले. एकाच निर्मात्याची, एकाच वर्षाची दोन वाद्ये. परंतु तार, फ्रेट, हात आणि पिकअपचे स्थान भिन्न असल्यामुळे नादात फारसे साम्य उरले नाही. तार हा पूर्णतः परिवर्तनीय घटक आहे. दुकानातील एका वाद्यावर नव्या आणि दुसऱ्यावर गंजलेल्या तारा असतील, तर त्यांची तुलना ही वाद्यांची नव्हे, तारांचीच तुलना होते.

(३) लाकूड. विद्युत्-पिकअप तारेची गती ग्रहण करतो, लाकडाची नव्हे. म्हणून लाकूड तारेच्या कंपनाला जेथवर साथ देते किंवा त्यातील शक्ती शोषते, तेथवरच त्याचा प्रभाव पोहोचतो. तार आणि पिकअप यांच्या मानाने तो अल्प असतो. फिंगरबोर्ड शिसवी आहे की मेपलचा, हा प्रश्न फ्रेट असलेल्या वाद्यात मुख्यतः स्पर्शाचा आहे, कारण दाबलेली तार फ्रेटवर टेकते, लाकडावर नव्हे. फ्रेटलेस वाद्यात मात्र तार प्रत्यक्ष लाकडाला घासते, आणि मिरजेच्या तंबोऱ्यातील जवारीच्या तत्त्वानुसार या घसटीतून उपरिस्वर खुलतात. तेथे लाकडाचा काठिण्यभेद नादातही उतरतो. लाकडाशी संबंधित एक स्थायी दोष मात्र सर्वत्र तपासला पाहिजे. नेकची स्वतःची कंपनसंख्या एखाद्या स्वराशी जुळली, तर नेक त्या स्वराची शक्ती शोषते आणि तो स्वर लवकर विझतो. फेंडर पद्धतीच्या वाद्यांत ही मृत जागा बहुधा जी तारेच्या पाचव्या ते सातव्या फ्रेटदरम्यान आढळते.

(४) पिकअप. याचे स्थान आणि रचना वेगवेगळी विचारात घ्यावी. स्थान स्थायी आहे. ब्रिजपासून तारेच्या लांबीच्या एक-चतुर्थांशावर पिकअप असेल, तर मोकळ्या तारेचा चौथा उपरिस्वर (मूलस्वर पहिला धरून) तेथे क्षीण होतो, कारण त्याचा निष्कंप बिंदू तेथे येतो. पाचव्या फ्रेटवर तार दाबल्यास तिची लांबी तीन-चतुर्थांश उरते. आता तेच स्थान नव्या लांबीच्या एक-तृतीयांशावर येते आणि तिसरा उपरिस्वर क्षीण होतो. यावरून निष्पन्न होते की, एका पिकअपचा नाद एका स्वरावरून ठरवता येत नाही. सर्व नेकवर वादन करूनच तो समजतो. रचना मात्र पुष्कळ अंशी परिवर्तनीय आहे. एकेरी वेटोळ्याचा पिकअप वीजपुरवठ्याच्या ५० हर्ट्‌झचा गुंजारव पकडतो; दोन विरुद्ध वेटोळी तो परस्परांत रद्द करतात. १९५७ पासून प्रिसिजनमध्ये दुभंगलेल्या पिकअपने हेच साधले. जॅझ बेसमध्ये दोन्ही पिकअप समान प्रमाणात खुले ठेवल्यास गुंजारव जातो, एकच खुला ठेवल्यास परततो. याच मापाचा दुसरा पिकअप त्याच खोबणीत बसवता येतो.

(५) विद्युत्-मंडल. पॅसिव्ह मंडल संकेतातील अंश केवळ कमी करू शकते. अॅक्टिव्ह मंडल बॅटरीच्या बळावर वाढवूही शकते. म्युझिक मॅनच्या १९७६ च्या ‘स्टिंगरे’ने अॅक्टिव्ह मंडल सर्वपरिचित केले. त्यात लांब केबलमुळे होणारा तारस्वरांचा क्षय टळतो. परंतु कार्यक्रमात बॅटरी संपली, तर वाद्य मूक होते किंवा त्याचा नाद पालटतो.

या पाच पायऱ्यांत वाद्यापुरते स्थायी असे दोनच घटक उरतात : पिकअपचे स्थान आणि लाकडाचा वर्तनदोष. उलट स्पर्शाचे तिन्ही प्रमुख घटक स्थायी आहेत. प्रतिज्ञा येथे सिद्ध होते.

५. परीक्षेचा क्रम

वरील विवेचनावरून परीक्षेच्या पाच अवस्था निश्चित होतात.

पहिली अवस्था, विद्युत्-जोडणीशिवाय. वाद्य पट्ट्याने अंगावर घ्यावे, उभे राहावे, हात सोडून तोल पाहावा आणि किमान पंधरा मिनिटे वाजवावे. बसून सुखद वाटणारे वाद्य उभे राहिल्यावर भिन्न वागते.

दुसरी, तीही जोडणीशिवाय. प्रत्येक तारेवरील प्रत्येक फ्रेट क्रमाने दाबून स्वर किती काळ टिकतो ते ऐकावे. मृत जागा येथेच सापडते, कारण ध्वनिवर्धक तिच्यावर पांघरूण घालतो.

तिसरी, ध्वनिवर्धकासह. सर्व वाद्यांसाठी ध्वनिवर्धक एकच, त्याची बटणे मध्यावर, आणि वाजवण्याची ओळ एकच असावी. प्रबलता कानाने समान करून घ्यावी. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवून दिले की, प्रबलता कमी झाली की मानवी कानाला खर्जाचे स्वर अधिक वेगाने क्षीण भासतात. म्हणून किंचित मोठ्याने वाजणारे वाद्य अधिक भरदार असल्याचा भ्रम होतो.

चौथी, सांघिक परीक्षा. तबकडीवरील ढोल आणि गिटार यांच्या साथीत वाद्य ऐकावे. एकटे असताना कानाला व्यापून टाकणारा खर्ज समूहात बहुधा धूसर होतो. लहान ध्वनिक्षेपक ४१ हर्ट्‌झचा मूलस्वर देऊच शकत नाहीत. कान उपरिस्वरांवरून त्याचे अनुमान करतो. ज्या वाद्याचे मध्यम उपरिस्वर स्पष्ट, त्याचा खर्जही समूहात स्पष्ट.

पाचवी, पुनःपरीक्षा. नादाची स्मृती अल्पजीवी असते आणि नावीन्याचा हर्ष त्याहूनही. अन्य दिवशी त्याच क्रमाने परीक्षा करून निष्कर्ष तोच आला, तरच तो ग्राह्य मानावा.

६. निर्णय

दोन वाद्यांपैकी एक हाताला अनुकूल आणि दुसरे कानाला अनुकूल ठरले, तर प्रथम विचारावे : कानाचा आक्षेप तारेविषयी आहे, मंडलाविषयी आहे की पिकअपच्या स्थानाविषयी? पहिल्या दोहोंपैकी असेल, तर हाताला अनुकूल वाद्य घ्यावे आणि तारा किंवा मंडल बदलावे. तिसरा असेल, तर दोन्ही वाद्ये सोडून हाताला तितकेच अनुकूल, परंतु पिकअपचे स्थान भिन्न असलेले तिसरे शोधावे. हाताला प्रतिकूल वाद्य केवळ नादासाठी घेऊ नये, कारण त्यावर सराव कमी होतो, आणि ज्यावर सराव होत नाही त्या वाद्यातून अपेक्षित नादही निघत नाही.