विहिरीच्या तळाशी उभा असलेला माणूस

मंडळी, बारामती-इंदापूरचा इतिहास आपण सांगतो तो पाण्याचा. १८७६-७७ च्या दुष्काळानंतर नीरेचा डावा कालवा झाला. पाण्यामागून ऊस आला. १९३० च्या दशकात वालचंदनगरचा साखर कारखाना उभा राहिला, पुढे माळेगाव, भवानीनगर, सोमेश्वर इथे सहकारी कारखाने निघाले. पण कालवा काही प्रत्येकाच्या बांधाला लागत नाही. जिथे तो पोचला नाही, तिथे शेतकऱ्याने विहीर खणली. त्या विहिरीच्या तळाशी उभा असलेला माणूस मात्र आपल्या इतिहासात दिसत नाही.

त्याचे काम कसे, पाहा बरे. सुरुंगाने फुटलेला दगड तो बादलीत भरतो, वरची यारी ती ओढून घेते. बादली काठोकाठ भरली, दोर झिजला, की एखादा दगड निसटतो. ६० फुटांवरून तळाशी यायला त्याला दोन सेकंदही लागत नाहीत, आणि वेग होतो ताशी ६५ किलोमीटरांहून जास्त. ‘बाजूला हो’ म्हणायलाही सवड नाही!

१९२३ साली कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला. पुढे त्याच्या यादीत १२ फुटांहून खोल खोदाईही आली. म्हणजे माणूस गेल्यावर, जखमी झाल्यावर भरपाई. तो जखमीच होऊ नये म्हणून १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने यारी, साखळी, दोर वर्षातून एकदा तरी जाणत्याकडून तपासून घ्यायला सांगितले; पण ते कारखान्याच्या आवारापुरते. शिवारातली यारी त्याबाहेरच राहिली.

१ ऑगस्ट २०२३ रोजी इंदापूर तालुक्यात म्हसोबाचीवाडी इथे शंभर फुटांहून खोल विहिरीत काँक्रीटच्या रिंगचे काम चालले होते. रिंग आणि मुरूम ढासळून चार मजूर गाडले गेले. जवानांनी जवळजवळ तीन दिवस मलबा उपसला. चौघांपैकी कोणीही वाचला नाही.

तेव्हा शेतकरीबंधूंनो, पुढची विहीर काढाल तेव्हा बादली वीतभर ऊणी भरा. ती वरखाली होताना तिच्याखाली कोणी उभे राहू नये. उपसलेला मुरूम काठावर रचू नका. डोक्याला टोप द्या, काठावर एक माणूस सतत ठेवा, आणि दोर रोज हातात घेऊन पाहा. गुरुजी, मुलांना पडत्या दगडाचे गणित घालाल, तेव्हा खाली कोण उभा आहे तेही विचारा. त्या मुलांपैकी कोणाचा तरी बाप खाली असेल.