रोवणी, बिडी आणि पाळणाघर

लाखांदूर तालुक्यातील दिघोरी (मोठी) हे गाव भंडारा जिल्ह्याच्या धानपट्ट्यात येते. या पट्ट्यातील मजूर बायांचे वर्ष धानाच्या हंगामाने बांधलेले असे. मे महिन्यात तेंदूपत्ता आणि रिकाम्या दिवसांत बिडी. मूल कुठे ठेवायचे, हे कामच ठरवी.

पऱ्हे, म्हणजे धानाची रोपे, उपटून चिखलात लावण्याचे काम म्हणजे रोवणी; ती पावसाच्या मोजक्या दिवसांत उरकावी लागते. त्यामुळे अंगावर पिणारे मूलही बांधीवर, म्हणजे धानाच्या शेतावर, जाई. धुऱ्यावरच्या झाडाला लुगड्याची झोळी बांधली जाई आणि झोका द्यायला थोरली बहीण बसे. शाळा बुडे ती तिचीच. तेंदूपत्त्यासाठी पहाटेच जंगल गाठावे लागे, म्हणून तान्ही मुले आजीच्या हवाली होत. दुपारी सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायला मात्र सारे घर लागे.

बिडीचे काम घरी करता येई, म्हणून ते आईला सोयीचे मानले गेले. ही सोय महागात पडणारी होती. भिजवलेले तेंदूचे पान पत्र्याच्या मापाने कापायचे, तंबाखू भरून वळायचे, दोरा गुंडाळायचा. मांडीवर सूप आणि शेजारी मूल. तंबाखूची धूळ दोघांच्याही नाकात जाई. हात वळू लागला की बिडीचे तोंड मोडणे मुलांकडे येई. मजुरी हजारावर ठरलेली, त्यात खराब म्हणून काढलेल्या बिड्यांचे पैसे बुडत.

1966 च्या बिडी व सिगार कामगार कायद्याने पन्नासहून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यात सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघर सक्तीचे केले. घरी बिडी वळणारीलाही कामगार मानून प्रसूतीचे लाभ दिले. कारखानदार न्यायालयात गेले; सर्वोच्च न्यायालयाने 1974 मध्ये कायदा उचलून धरला. पण दरम्यान अनेकांनी कारखाने आवरून ठेकेदारांमार्फत काम घरोघर वाटले होते. पाळणाघराची सक्ती कारखान्यावर आणि बाई आपल्या ओसरीवर, अशी गत झाली. ठेकेदाराने वहीत नाव घातले नसेल, तर प्रसूतीचा लाभही मिळणे कठीण.

1975 पासून अंगणवाड्या येऊ लागल्या, पण त्यांची वेळ काही तासांची आणि रोवणी दिवसभराची. 2005 च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याने कामावर सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले असतील, तर त्यांना सांभाळायला एक बाई नेमून तिला मजुरी देणे बंधनकारक केले. खासगी बांधीवरच्या रोवणीला हा नियम लागू नव्हता.