महाविद्यालयांच्या यादीची साक्ष

केंब्रिज नगरीतील हार्वर्ड विद्यापीठाच्या वसतिगृहात राहणाऱ्या मार्क झुकरबर्ग या विद्यार्थ्याने सहाध्यायांच्या साहाय्याने ४ फेब्रुवारी २००४ रोजी फेसबुकचा आरंभ केला, त्या वेळी प्रवेशासाठी हार्वर्डचा ईमेल-पत्ता हाच एकमेव दाखला मानला जात असे. महिन्याभरातच कोलंबिया, स्टॅनफर्ड आणि येल येथील विद्यार्थ्यांना परवानगी मिळाली. मग शेकडो महाविद्यालये एकामागून एक दाखल झाली. आणि २६ सप्टेंबर २००६ पासून तेरा वर्षे पूर्ण झालेल्या कोणालाही प्रवेश खुला झाला.

हा क्रम चालकांनी आपल्या सोयीने लावला होता. परंतु त्यातूनच, कोणाच्या ध्यानीमनी नसताना, एक अमोल पुरावा सिद्ध झाला. ब्राघिएरी, लेव्ही आणि माकारिन या अर्थशास्त्रज्ञांनी ७७५ महाविद्यालयांची तारीखवार फेरिस्त तयार करून ती विद्यार्थ्यांच्या तत्कालीन आरोग्य-पाहणीच्या दप्तराशी ताडून पाहिली. आणि फेसबुक जेथे पोहोचले तेथे विद्यार्थ्यांचे मनःस्वास्थ्य ढासळले, विषण्णता वाढली व तिच्यापायी अभ्यासात व्यत्यय येतो असे सांगणारेही वाढले, असा निष्कर्ष २०२२ साली ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’मध्ये प्रसिद्ध केला.

याचे मूळ त्यांना तुलनेत आढळले. आपले सोबती पुष्कळ मद्यपान करतात, हा विद्यार्थ्यांचा समज फेसबुकच्या आगमनानंतर बळावला, प्रत्यक्ष मद्यपानात मात्र तसा फरक पडला नव्हता. आणि महाविद्यालयाच्या आवाराबाहेर राहिल्यामुळे ज्यांना इतरांचा सहवास कमी लाभे, अशांना ही झळ अधिक लागली. दुसऱ्यांचे जीवन आपल्याहून समृद्ध आहे, हा भास एकाकी मनाला फार लवकर सत्य वाटू लागतो.

येथे कालक्रम ध्यानात घेणे अगत्याचे आहे. आयफोन २००७ साली, ‘लाइक’चे बटण २००९ साली आणि इन्स्टाग्राम २०१० साली आले, म्हणजे ज्या साधनांवर आज सर्व दोष लादला जातो, ती अवतरण्यापूर्वीच ही व्यथा सुरू झाली होती. पुढील साधनांनी ती खिशात आणली, मोजता येईल अशी केली आणि कोवळ्या वयापर्यंत पोहोचवली.

सोळा वर्षांखालील मुलांना खाती ठेवू न देण्याची जबाबदारी कंपन्यांवर टाकणारा कायदा ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून अमलात आणला. अशा कायद्यांचे यशापयश काळ ठरवील. तथापि ज्या विद्यार्थ्यांच्या मनावर फेसबुकचा हा प्रयोग घडला त्यांची संमती कोणी मागितली नव्हती आणि त्याचा निकाल अठरा वर्षांनी हाती आला, हा अन्याय निर्विवाद आहे. तरुणांच्या हाती नवे साधन देण्यापूर्वी त्याच्या परिणामांची चौकशी करणे हे निर्मात्याचे कायदेशीर कर्तव्य ठरले पाहिजे.