रंगावर जाऊ नका

साल 1904. पाऊस सरलाय, पण आळंदीच्या वाटेवरचा चिखल अजून ओला आहे, म्हणजे कुंभारमाश्यांची चंगळ. पिंपरीत पेनिसिलिनचा कारखाना यायला 50 वर्षं आहेत. तुम्ही दिघीत एका गोठ्याच्या भिंतीशी उकिडवे बसलेले.

भिंतीवरच्या मातीच्या घरकुलावर ती उतरते. चांगली पाऊण इंच, अंगभर धातूसारखी झळाळी. कोकीळमाशी. लिंपून बंद केलेल्या घरकुलाला भोक पाडून ती आत अंडं घालणार. कोकिळा निदान आपलं पिल्लू कावळ्याकडून भरवून घेते. हिची अळी कुंभारणीच्या अळीलाच खाते!

चिमटा लावताच तिचा गोळा होतो. पोटाची खालची बाजू खोलगट. पाय आणि मिशा तिथे मिटतात, बाहेर उरतं नुसतं चिलखत. कुंभारीण चिडली तरी डंख मारणार कुठे? कूळ इथेच पक्कं झालं.

घोळ पुढे आहे. तुम्ही पाहिलेल्या सगळ्या हिरव्या. ही गर्द निळी, कडेला जांभळी. नवी जात सापडली म्हणून हुरळू नका. गेल्याच वर्षी बिंगहॅम यांचा ग्रंथ निघालाय, मुंग्या आणि कोकीळमाश्या एकाच खंडात. तो उघडा आणि भिंग घ्या.

पाठीवर खडबडीत खळगे. वरून पाहता पोटाचे तीनच पत्रे दिसतात. शेवटच्याची मागची कड उजेडात तिरपी धरा, घाई नको: एक, दोन, तीन, चार दात. क्रायसिस वंशातल्या कित्येकींना सहा असतात. आता छातीच्या मागच्या टोकाला पाहा, मागे झुकलेला, पन्हाळीसारखा खोलगट सुळका. संपलं काम. ही स्टिल्बम सायन्युरम, फॉर्स्टरने 1771 मध्येच नाव दिलेली.

मग रंग? तो रंगद्रव्याचा नाहीच. कवचाच्या पातळ थरांवर उजेड खेळतो, त्याची ती करामत. या एकाच जातीत हिरव्या, निळ्या, तांबूस झाकेच्या माश्या निघतात, आणि जुन्या मंडळींनी त्यांना वेगवेगळी नावं देऊन ठेवली.

चिठ्ठीवर गाव, तारीख लिहा. घरकुलही खरवडून बरणीत ठेवा, तोंडाला फडकं बांधून. ही कुणाकडे वाढते ते दातांवरून कळत नाही. त्यासाठी आतून कोण बाहेर पडतं ते पाहावं लागेल.