रॉजर्स, नाइल

(१९ सप्टेंबर १९५२ – ). अमेरिकन गिटारवादक, संगीतकार व ध्वनिमुद्रिका-निर्माता. डिस्को ह्या नृत्यसंगीतप्रकाराचा एक प्रमुख शिल्पकार. डिस्कोची लाट ओसरल्यानंतर त्यातील लयतत्त्व इतर कलावंतांच्या ध्वनिमुद्रिकांतून टिकवून धरणाऱ्यांत त्याचे स्थान महत्त्वाचे आहे. जन्म न्यूयॉर्क येथे. तरुणपणी तो कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ब्लॅक पँथर पक्षात होता. ‘सेसमी स्ट्रीट’ ह्या मुलांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमाच्या फिरत्या वाद्यवृंदात व पुढे हार्लेममधील अपोलो थिएटरच्या वाद्यवृंदात त्याने गिटारवादन केले.

१९७० मध्ये बास गिटारवादक बर्नार्ड एडवर्ड्‌स (१९५२–९६) ह्याच्याशी त्याचा परिचय झाला. ह्या दोघांनी ड्रमवादक टोनी टॉम्प्सन ह्याच्यासह ‘शीक’ हा वाद्यवृंद उभारला. १९७७ पासून त्याच्या ध्वनिमुद्रिका निघू लागल्या. रॉजर्सच्या वादनात उजवा हात मात्रेचे चार समान भाग पाडीत तारांवर अखंड वरखाली फिरतो. डावा हात मात्र तारा दाबून लगेच बोटे सैल सोडतो. परिणामी काही आघातांतून स्वर उमटतात, तर उरलेल्यांतून केवळ कोरडा नाद निघतो. गिटार अशा रीतीने एकाच वेळी स्वरवाद्य व तालवाद्य बनते. तिच्या जोडीला एडवर्ड्‌सची गाती बास गिटार, हे शीकच्या संगीताचे मर्म होय.

१९७७ च्या वर्षअखेरीच्या रात्री ‘स्टुडिओ ५४’ ह्या न्यूयॉर्कमधील प्रसिद्ध नृत्यगृहाच्या दारातून रॉजर्स व एडवर्ड्‌स ह्यांना परत फिरावे लागले. त्या संतापातून जन्मलेले ‘ल फ्रीक’ हे गीत १९७८ मध्ये अमेरिकेत लोकप्रियतेच्या यादीत पहिले आले. १९७९ मध्ये ‘गुड टाइम्स’लाही ते स्थान लाभले. तथापि त्याच वर्षी १२ जुलै रोजी शिकागोच्या कोमिस्की पार्क ह्या बेसबॉल मैदानावर डिस्कोच्या ध्वनिमुद्रिका स्फोटाने उडविण्यात आल्या. ह्या रोषात कृष्णवर्णीय व समलिंगी श्रोत्यांच्या संगीताविषयीचा आकसही होता, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. ह्यापुढे शीकला पूर्वीचे यश मिळाले नाही आणि १९८३ मध्ये वाद्यवृंद विसर्जित झाला.

मात्र नाव मागे पडले, तरी लय मागे पडली नाही. ‘गुड टाइम्स’च्या बास-आकृतीवर शुगरहिल गँगचे ‘रॅपर्स डिलाइट’ (१९७९) हे रॅप संगीताचे पहिले मोठे व्यावसायिक यश आधारलेले होते. रॉजर्स व एडवर्ड्‌स ह्यांनी आक्षेप घेतल्यावर त्यांची नावे रचनाकार म्हणून नोंदली गेली. वादकांनी घडविलेली लयाकृती हीही रचनाच होय, ह्या भूमिकेला त्यामुळे बळ मिळाले.

निर्माता म्हणून रॉजर्सचे कार्य विस्तृत आहे. एडवर्ड्‌सच्या सहकार्याने त्याने सिस्टर स्लेजची ‘वी आर फॅमिली’ (१९७९) व डायना रॉसची ‘डायना’ (१९८०) ह्या ध्वनिमुद्रिका सिद्ध केल्या. डेव्हिड बोवीची ‘लेट्‌स डान्स’ (१९८३) त्याने अवघ्या काही आठवड्यांत पूर्ण करून दिली. मॅडोनाच्या ‘लाइक अ व्हर्जिन’ (१९८४) ह्या ध्वनिमुद्रिकेत एडवर्ड्‌स व टॉम्प्सन हेही वादक होते; म्हणजे बाजारात नाकारला गेलेला शीकचा लयमेळ दुसऱ्याच्या नावाखाली जगभर पोहोचला.

एडवर्ड्‌सचे १९९६ मध्ये तोक्यो येथे, शीकच्या कार्यक्रमानंतर निधन झाले. रॉजर्सने वाद्यवृंद पुढे चालू ठेवला. ‘ल फ्रीक’ हे त्याचे आत्मचरित्र २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. डाफ्ट पंक ह्या फ्रेंच जोडीच्या ‘गेट लकी’ (२०१३) ह्या गीतातील त्याच्या वादनाने नवी पिढी त्याच्याकडे वळली. ह्या गीतास २०१४ मध्ये ग्रॅमी पुरस्कार लाभला. ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’ ह्या संस्थेकडे शीकचे नामांकन ११ वेळा होऊनही त्यास प्रवेश मिळाला नाही. २०१७ मध्ये संस्थेने गौरव केला, तो एकट्या रॉजर्सचा.