डिंकाच्या लाडवातील खसखस

मार्गशीर्ष लागला की इंदूरच्या मराठी घरांतून तुपाचा वास दरवळू लागतो. डिंक तुपात फुलतो, खारकांची पूड होते, सुके खोबरे किसून भाजले जाते आणि त्यावर मूठभर खसखस पडते. बाळंतिणीला, आजारातून उठलेल्याला आणि थंडीने कुडकुडणाऱ्या पोराला हा लाडू सारख्याच विश्वासाने दिला जातो. त्यातले खोबरे सागरकाठचे आणि खसखस माळव्याची. ही गाठ मात्र लाडवातच प्रथम पडली असे नाही. तिच्यामागे चार शतकांहून अधिक काळाचा इतिहास आहे, आणि तो लाडवाइतका गोड नाही.

खसखस ज्या बोंडात पिकते, त्याच कच्च्या बोंडाला चिरा दिला की अफूचा चीक पाझरतो. चीक बोंडाच्या सालीत असतो, बियांत नसतो. एकाच फळाच्या पोटी पोषण आणि विष अशी दोन भावंडे नांदतात. मंदसोर, नीमच, रतलाम या जिल्ह्यांत आजही परवान्याने हे पीक घेतले जाते. थंडीच्या आरंभी पेरणी होते आणि फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास बोंडांना चिरा पडतो.

गोव्यात राहिलेला पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याचा वनौषधींवरील ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. अफूवर त्यात स्वतंत्र संवाद आहे, आणि खंबायतेकडची अफू बहुतांशी माळव्यात होते, ही नोंदही त्यात सापडते. गोमंतकाला माळव्याची ओळख अशी फार जुनी आहे.

पुढे ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसोरचा तह झाला, होळकरांनी इंग्रजांचे वर्चस्व मान्य केले आणि इंदूर राजधानी झाले. बंगालच्या अफूचा मक्ता कंपनीच्या मुठीत होता; माळव्याची अफू मात्र संस्थानांच्या मुलखात पिकत होती. ती अडविण्याचे प्रयत्न फसले. माल पालीवरून कराचीस आणि तेथून पोर्तुगिजांच्या दमणास जाई व चीनकडे रवाना होई. मुंबईस पेढी असलेला गोमंतकीय व्यापारी रोजेरिओ द फारिया याच दमणच्या व्यापारात वर आला. अखेर कंपनीने मक्त्याचा नाद सोडून परवान्याचे शुल्क घेण्यास आरंभ केला, आणि १८४३ साली सिंध जिंकल्यावर ती आडवाटही बंद झाली. त्यानंतर इंदुरास अफू तोलावी, शुल्क भरावे आणि सुमारे १४० पौंडांची एकेक पेटी मुंबईकडे पाठवावी, असा क्रम पडला. १९०७ च्या करारानुसार चीनकडची निर्यात घटत गेली आणि १९१३ साली ती थांबली.

इतिहासकार या पेट्यांचा हिशेब ठेवतात. चुलीपाशी किती अफू खर्ची पडली याचा हिशेब कोणी ठेवला नाही. खोकला आणि अतिसार या दोहोंवर अफूचा गुण येतो, हे असत्य नव्हे. म्हणूनच ती घरोघरच्या डबीत जाऊन बसली. हिवाळ्यात पडशाने बेजार झालेले मूल रात्रभर रडू लागले की जायफळ-केशरात मिसळलेली अफूची बारीक बाळगोळी त्याला दिली जाई. शेतावर वा गिरणीत जाणाऱ्या आईला मूल निजवूनच जावे लागे. तिला दोष देणे सोपे आहे, परंतु तिच्याजवळ दुसरा उपाय कोणता होता? गोळीने मूल निजत असे. पण त्याबरोबर त्याची भूकही निजत असे, आणि मात्रा कणभर वाढली तर श्वासच मंदावत असे. घरातले माणूस म्हणे, बाळ किती शांत झोपले आहे! १८९३ साली नेमलेल्या अफू आयोगापुढे या प्रथेविषयीही साक्षी झाल्या; तथापि १८९५ च्या अहवालात आयोगाने सरसकट बंदीची शिफारस केली नाही. सरकारी तिजोरीत भर घालणाऱ्या पदार्थाचा न्याय तिजोरीच्याच मालकाने नेमलेल्या पंचांनी करावयाचा होता, हे येथे विसरून चालणार नाही.

आमच्या व्यवसायात व्याख्येतील एक कंस माणसाला तारतो वा बुडवितो. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यात पोस्ताच्या झाडाच्या, कापणीनंतर उरणाऱ्या भागांची व्याख्या करताना कंसात बिया वगळल्या आहेत. आपला लाडू आणि गोमंतकाची शागोती त्या एवढ्याशा अपवादावर निर्धास्त आहेत. परंतु हा निर्धास्तपणा देशाच्या वेशीपर्यंतच. संयुक्त अरब अमिरातीच्या कायद्यास खसखसही निषिद्ध आहे, आणि ती सामानात सापडली म्हणून आपल्याकडच्या माणसांना तेथे तुरुंग पाहावा लागला आहे. इंदुराहून वा म्हापशाहून दुबईच्या मुलासाठी लाडू बांधणाऱ्या आईने एवढे अवश्य ध्यानी ठेवावे.

घरचे औषध म्हणजे निरुपद्रवी औषध, हा समज मायेतून उपजलेला आहे; पण माया हा पुरावा नव्हे. आजीच्या बटव्याचा मान राखावा आणि त्याची उलटतपासणीही करावी. त्यातून बाळगोळी बाद होईल, डिंकाचा लाडू निर्दोष सुटेल. आणि तो खाताना, ज्या मुलांना बोलता येण्यापूर्वीच गप्प केले गेले, त्यांची आठवण राहील.